निरीक्षण कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं : हे वर्गात शिकवायचं कसं

हायस्कूलची कुठलीही प्रॅक्टिकलची जर्नल उघडा आणि मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायचा प्रयोग काढा. निरीक्षणाच्या रकान्यात बहुतेक मुलांनी "लोखंडाने तांब्याचे विस्थापन केले" असं लिहिलेलं असतं आणि खाली अनुमानात परत तेच, फक्त शेवटी "हे सिद्ध झाले" चिकटवलेलं. आता विस्थापन होताना कुणाला दिसलं? दिसलं ते एवढंच की निळं द्रावण हळूहळू हिरवट होत गेलं आणि खिळ्याच्या बुडालेल्या भागावर लालसर तपकिरी थर बसला. तो थर तांब्याचा आहे हेसुद्धा डोळ्यांनी दिसत नाही, ते आपण ठरवतो.

यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण खिळा टाकल्यावर अर्धा-पाऊण तास कुणी बघतच नाही, तास संपतो आणि निरीक्षण घरी जाऊन गाईडमधून उतरवलं जातं. गाईडमध्ये उत्तर असतं, म्हणून निरीक्षणाच्या जागी उत्तर येतं. त्यामुळे "निरीक्षण म्हणजे ज्ञानेंद्रियांनी मिळवलेली माहिती, अनुमान म्हणजे त्यावरून काढलेला अर्थ" ही व्याख्या पाठ करून घेऊन काहीच होत नाही, पेपरात दोन मार्क मिळतात आणि जर्नल तशीच राहते. माझ्या मते शिकवायची गोष्ट एकच आहे, प्रत्येक विधानाला "कशावरून?" विचारायची सवय. बाकी सगळ्या अॅक्टिव्हिटी त्या सवयीसाठी.

खालचा सगळा प्लॅन पाचवी ते आठवीसाठी आहे, चार-पाच तासिकांत बसतो, आणि सामान जवळपास सगळं घरातलं किंवा वाण्याच्या दुकानातलं आहे.

सुरुवात : खाता येणारी मेणबत्ती

निरीक्षण, अनुमान हे शब्द पहिल्या दिवशी अजिबात काढू नका. आधी फसवा, नाव नंतर द्या.

एक जरा कच्चट, सरळ केळं घ्या, सोलून दोन्ही टोकं सपाट कापा म्हणजे ते बशीत उभं राहील. बदामाची उभी बारीक काडी कापून वरून खोचा, टोक थोडं बाहेर ठेवा. बदामात तेल भरपूर असतं त्यामुळे ती काडी वातीसारखी मस्त पेटते आणि मिनिटभर तरी टिकते. केळं काळं पडायला लागतं म्हणून तास सुरू व्हायच्या जरासं आधीच कापा, लिंबू चोळलंत तर अजून थोडा वेळ मिळतो. काडी आधीच एकदा पेटवून विझवून ठेवा, काळं टोक दिसलं की कुणाला शंकाच येत नाही.

बशी टेबलावर, पहिल्या बाकापासून चार-पाच फूट लांब. पेटवा आणि सांगा, "जे दिसतंय ते वहीत लिहा, किमान पाच गोष्टी." मुलं लिहितात : मेणबत्ती पेटलीये, मेण पांढरट आहे, वात जळून काळी झाली, ज्योत पिवळी आहे, ज्योत हलतेय, मेण वितळतंय. हो, हेसुद्धा कुणीतरी लिहितंच, केळं काही वितळत नसतं पण मेणबत्ती वितळते हे माहीत असतं ना, म्हणून ते "दिसतं". सगळी वाक्यं जशीच्या तशी फळ्यावर घ्या, एकही दुरुस्त करू नका, चेहरा सरळ ठेवा.

मग फुंकर मारा, टोक दोन सेकंद गार होऊ द्या आणि ती मेणबत्ती शांतपणे खाऊन टाका.

वर्गात जो गोंधळ होतो तो होऊ द्या. तो उतरला की फळ्यावरच्या एकेका वाक्याकडे बोट करून विचारा, हे आता राहील का पुसायचं? "ज्योत पिवळी होती" राहतं. "मेण पांढरट आहे" पुसलं जातं, पण कुणीतरी म्हणतं बाई पांढरट तर होतंच की, म्हणजे अर्धं वाक्य राहतं. या अर्ध्या वाक्यावर वेळ घालवा, घाई करू नका, कारण खरी गंमत तिथेच आहे, एकाच वाक्यात "पांढरट" हे बघितलेलं होतं आणि "मेण" हे ठरवलेलं होतं आणि दोन्ही असे मिसळले होते की लिहिणाऱ्याला कळलंही नाही. आता नाव द्या. जे राहिलं ते निरीक्षण, जे गेलं ते अनुमान.

एक सूचना, केळं-बदाम फक्त तुम्ही खा, मुलांना देऊ नका, काहींना सुकामेव्याची अॅलर्जी असते. शिवाय प्रयोगाच्या टेबलावरचं काही तोंडात घालायचं नाही हा नियम तुम्ही आत्ताच मोडलेला असतो, त्यामुळे तो त्याच तासाला परत एकदा ठासून सांगा.

दोन नाही, तीन रकाने

सगळीकडे दोन रकान्यांचा तक्ता करतात, निरीक्षण आणि अनुमान. मी तीन करायला सांगते : काय दिसलं (किंवा ऐकू आलं, वास आला, मोजलं), मला आधीपासून काय माहीत आहे, आणि म्हणून मला काय वाटतं. मधला रकाना भरायला मुलांना सगळ्यात जड जातं आणि उपयोग सगळ्यात जास्त त्याचाच होतो, कारण चुकीचं अनुमान बहुतेक वेळा तिथूनच आलेलं असतं. केळ्याच्या बाबतीत मधल्या रकान्यात काय होतं? "टेबलावर पेटलेली पांढरी उभी वस्तू म्हणजे मेणबत्ती असते." डोळ्यांची काहीच चूक नव्हती.

सरावासाठी रोजच्या गोष्टी द्या. सकाळी शाळेसमोरचा रस्ता ओला आहे. पाऊस पडला असेल, टँकर गळत गेला असेल, कुणी सडा टाकला असेल, पाइप फुटला असेल. एका निरीक्षणाला किमान तीन अनुमानं काढायचीच असा नियम ठेवा. मग पुढचा प्रश्न, यातलं कुठलं बरोबर ते कळायला अजून काय बघायला लागेल? छपरं, झाडांची पानं ओली आहेत का? ओला पट्टा रस्त्याच्या मधूनच गेलाय का? इथे मुलांना आपोआप कळतं की अनुमान आलं म्हणजे काम संपलं असं नाही, ते तुम्हाला परत बघायला पाठवतं.

वाक्याचा साचा दिला तर लहान वर्गांना सोपं जातं : "मला ___ दिसलं, मला माहीत आहे की ___, म्हणून मला वाटतं ___ असावं." पहिले काही दिवस तोंडी उत्तरंसुद्धा याच साच्यात घ्या, थोडं कृत्रिम वाटतं, वाटू दे.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करा, नाहीतर मुलं अनुमानाला घाबरायला लागतात. अनुमान म्हणजे चूक नव्हे, आणि अंदाजपंचे ठोकलेलं उत्तरही नव्हे. डॉक्टर नाडी, ताप, जीभ बघतात ती निरीक्षणं, आजाराचं नाव हे अनुमान, आणि आपण फी देतो ती मुख्यतः अनुमानाची.

थंड ग्लास

स्टीलच्या ग्लासात बर्फाचं पाणी, बाहेरून कोरडा पुसून टेबलावर. पाच-दहा मिनिटांत बाहेर थेंब. निरीक्षण काय? "ग्लासाला घाम आला" असं नाही, "पाणी बाहेर झिरपलं" असंही नाही, "हवेतल्या बाष्पाचं सांद्रीभवन झालं" असं तर अजिबातच नाही, हुशार मुलं हेच लिहितात आणि आपण शाबासकी देतो! निरीक्षण एवढंच : ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या साधारण खालच्या भागात, पारदर्शक थेंब दिसले, आधी नव्हते.

आता "झिरपलं" आणि "हवेतून आलं" ही दोन अनुमानं समोरासमोर ठेवा आणि निकाल मुलांनाच लावू द्या. कुणीतरी सुचवतंच की आत रंगीत पाणी घालूया. कोकम सरबत घाला, बाहेरचे थेंब पांढऱ्या टिश्यूने टिपा, डाग लालसर पडत नाही. पण एखादं चिकट पोरगं म्हणेल की पाणी झिरपलं आणि रंग आतच राहिला, गाळणीसारखं. त्याला गप्प बसवू नका, बरोबर आक्षेप आहे तो. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. ग्लासावर घट्ट झाकण, काट्यावर ठेवा, आकडा लिहा, अर्ध्या तासाने परत बघा. आतलं पाणी बाहेर आलं असतं तर एकूण वजन तेवढंच राहिलं असतं, इथे ते थोडंसं वाढतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो, आणि ग्लास मोठा घ्या म्हणजे फरक दिसेल.

हवामानाचा विचार करा मात्र. कोकणात हा प्रयोग वर्षभर धडाक्यात होतो, पण नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की थेंब उशिरा आणि थोडे येतात, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. किंवा उलट, मुद्दाम दोन्ही वेळा घ्या आणि फरक का पडला ते विचारा.

"पण हे पाणीच आहे ना!"

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला वाद सुरू होतो, व्हायलाच पाहिजे. ग्लासात पाणी आहे हे निरीक्षण की अनुमान? काटेकोर बोलायचं तर दिसतोय तो रंगहीन पारदर्शक द्रव, तो व्हिनेगरही असू शकतो. थर्मामीटरवर 38 अंश दिसलं हे निरीक्षण, पण थर्मामीटर बरोबर दाखवतोय हे आपण धरून चाललोय. मीठ पाण्यात "विरघळलं" की "दिसेनासं झालं"? बुडबुडे आले की वायू बाहेर पडला? की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला?

काही शिक्षक इथे गोंधळतात आणि एकदम सगळंच अनुमान आहे म्हणून टाकतात, मग मुलं हात टेकतात. माझा उपाय साधा आहे, शिडी काढायची. सगळ्यात खालच्या पायरीवर "पांढऱ्या पुडीवर लिंबू पिळल्यावर फसफसलं, बुडबुडे आले". त्याच्या वर "कुठलातरी वायू तयार झाला". त्याच्या वर "तो कार्बन डायऑक्साइड आहे". दुसऱ्या पायरीवर जायला फार काही लागत नाही, तिसरीवर जायला चुन्याच्या निवळीत तो वायू सोडून ती दुधाळ होते का ते बघावं लागतं. कुठली पायरी निरीक्षणात चालेल हे इयत्तेवर आणि प्रयोगावर ठरतं. पाचवीत "पाणी" लिहिलं तर चालेल. पण चार अनोळखी द्रव ओळखायचा प्रयोग असेल तर "पाणी" हे उत्तर आहे, ते निरीक्षणात आलं की मार्क कापायचा.

हाताला गरम-गार लागणं हेही इथेच उरका. एक हात कोमट पाण्यात, एक बर्फाच्या पाण्यात मिनिटभर, मग दोन्ही साध्या पाण्यात. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो गरम. म्हणून शक्य तिथे मोजायचं, आणि नाही मोजता आलं तर "हाताला गरम लागलं" असं लिहायचं, "पाणी गरम आहे" असं नाही.

काडेपेट्या, ज्या उघडायच्या नाहीत

माझी सगळ्यात आवडती ही. रिकाम्या काडेपेट्या घ्या, प्रत्येकीत एकेक वस्तू : खडूचा तुकडा, साबुदाण्याचे चार दाणे, एक रुपयाचं नाणं, सेफ्टी पिन, चिंचोका, एक पूर्ण रिकामी. सेलोटेपने गच्च बंद करा, नंबर टाका. गटांना द्या, हलवा, तिरकी करा, कानाला लावा, वास घ्या, चुंबक फिरवा, फक्त उघडायचं नाही. तीन रकाने भरा.

"एका बाजूला तिरकी केल्यावर घसरल्याचा आवाज आला, घरंगळल्याचा नाही" हे ऐकलं की समजा मुलं कामाला लागली. घसरते म्हणजे चपटी असावी. चुंबक पेटीला चिकटतं म्हणजे लोखंड असावं. नाणं आहे म्हणणाऱ्या गटाला दुसऱ्या एका काडेपेटीत खरं नाणं घालून द्या आणि आवाज तसाच येतो का ते ताडून बघू द्या, म्हणजे पेटी न उघडता अनुमान तपासायचा रस्ता मिळाला.

आणि शेवटी पेट्या उघडू नका. खरंच नका उघडू. मुलं चिडतात, पाय धरतात, सुट्टीत येऊन विचारतात, मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते, तरी नाही. उघडली की खेळ "बरोबर कोण" असा होतो आणि कारणं कुणाला आठवत नाहीत. पृथ्वीच्या गाभ्यात डोकावून कुणी बघितलेलं नाही, भूकंपाच्या लहरी कुठे वळतात, कुठे पोचत नाहीत यावरूनच आतलं सगळं चित्र काढलंय. बंद पेटीची सवय झालेली मुलं तो धडा आला की वेगळ्या नजरेने वाचतात.

मोठ्या मुलांसाठी : पुस्तकातलं अनुमानही तपासा

बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती (आता खरी), वरून काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. वर्षानुवर्षं सांगितलं जातं की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश आणि पाणीही साधारण तेवढंच चढतं, किती छान जुळतं!

मुलांना नीट बघायला सांगा, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. दोन गोष्टी दिसतात ज्या त्या स्पष्टीकरणात बसत नाहीत. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर जातात, आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर झपकन चढतं. ऑक्सिजन जळतोय म्हणून चढत असेल तर जळत असताना हळूहळू चढायला हवं होतं ना? आता त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच होता. हवा गरम होऊन फुगली, थोडी बाहेर गेली, उरलेली गार होऊन आकसली, हे अनुमान या सगळ्या निरीक्षणांना पेलतं. वर मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही, बराचसा शिल्लक असतानाच विझते. छापलेलं आहे म्हणून ते निरीक्षण ठरत नाही, हे सातवी-आठवीतल्या मुलाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी कळलं की पुढचं बरंच शिकवायला लागत नाही.

लोणार : एक पूर्ण तासिका याला द्या

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर या विषयासाठी सोन्यासारखं आहे. निरीक्षण काय? बेसॉल्ट खडकात जवळपास गोल, साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचा खोलगट खड्डा, कडेला उचललेला कठडा, आत खारट अल्कधर्मी पाणी. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचाच खडक, त्यामुळे हा ज्वालामुखीचा खड्डा हे अनुमान बरीच वर्षं चाललं, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं, मधल्या रकान्यात "दख्खनचं पठार लाव्हाचं आहे" असंच लिहिलं जाणार. मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडलं, प्रचंड धक्क्याच्या दाबाने खनिजाची झालेली काच, ज्वालामुखीत ती तशी होत नाही. अनुमान बदललं : उल्कापात.

पुढे अजून मजा आहे. वय किती? एका पद्धतीने उत्तर आलं साधारण 52 हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने साधारण 5 लाख 70 हजार. विवर तेच, मोजणी वेगळी, अनुमानात दहापट फरक. मुलांना विचारा, मग खोटं कोण बोलतंय? (कुणीच नाही, हे त्यांच्याच तोंडून येईपर्यंत थांबा.)

आणि 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाच्या बातम्या आठवतात का बघा. फोटो हे निरीक्षण, त्यावर व्हॉट्सअॅपवर काय काय अनुमानं फिरली ते मुलांनाच घरी विचारून यायला सांगा. शैवालामुळे असेल असा अंदाज तज्ज्ञांनीही मांडला होता. नमुने तपासल्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत, त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसतंय. ते जीव तळाशी बसल्यावर वरचं पाणी परत नितळ झालं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. आता हे तीन रकान्यांत भरून आणा, गृहपाठ.

गणपती दूध प्यायला ती 21 सप्टेंबर 1995 ची गोष्टही वापरता येते, पण जपून. चमच्यातलं दूध कमी झालं हे निरीक्षण शंभर टक्के खरं होतं आणि ज्यांनी बघितलं त्यांना वेड्यात काढायचं काही कारण नाही. वाद फक्त दूध गेलं कुठे याचा. वर्गात मूर्ती आणू नका, उगाच घरचे वाद शाळेत येतात. खलबत्त्याचा दगडी बत्ता पाण्याने ओला करा, काठोकाठ भरलेला चमचा अलगद टेकवा आणि किंचित तिरका करा, दूध पृष्ठताणाने ओढलं जाऊन पातळ थराने खाली उतरतं आणि पांढरट दगडावर दिसतही नाही. दुधात लाल रंग घाला, ओघळ लगेच दिसतो. मुलांचे आई-बाबा त्या दिवशी कुठे होते हे विचारून आणायला सांगा, घरोघरी कहाण्या आहेत.

तपासायचं कसं

व्याख्या विचारू नका. न शिकवलेला फोटो द्या : चिखलात उमटलेले कुत्र्याचे आणि कोंबडीचे पाय, एका ठिकाणी गिचमिड, पुढे फक्त कुत्र्याचे. दोन निरीक्षणं, दोन वेगळी अनुमानं, आणि कुठलं खरं ते ठरवायला अजून काय बघाल ते लिहा. "कुत्र्याने कोंबडी खाल्ली" हे निरीक्षणात लिहिलं तर शून्य, अनुमानात कारणासकट लिहिलं तर पूर्ण मार्क, आणि "कोंबडी उडून गेली असेल किंवा कुणी उचलली असेल" असं लिहिणाऱ्यालाही पूर्ण मार्क. कुणी "हे पाय कुत्र्याचेच कशावरून, कोल्ह्याचे नसतील?" असं लिहिलं तर त्याला वरचा एक मार्क द्या.

जर्नलसाठी दोनच नियम ठेवा. निरीक्षणाचा रकाना पेनने, प्रयोग चालू असतानाच, टेबलाजवळ उभं राहून भरायचा, घरी न्यायचा नाही. आणि अपेक्षेप्रमाणे झालं नाही तर जे झालं तेच लिहायचं, खिळ्यावर थर बसला नसेल तर "थर दिसला नाही, वेळ 20 मिनिटे" असं, त्याचे मार्क अजिबात कापायचे नाहीत. हा दुसरा नियम तोंडी सांगून मुलं विश्वास ठेवत नाहीत, पहिल्यांदा कुणीतरी तसं लिहितं आणि त्याला खरंच पूर्ण मार्क पडतात, त्यानंतर ठेवतात.